आठ गाणी आणि एक संपादक

तीन तबकड्या, त्यांवर मिळून आठ गाणी, आणि पाच-सहा वर्षांचा संसार. 'महीनेर घोडागुली' या कोलकात्याच्या बँडचा हिशेब कागदावर मांडला तर एवढाच भरतो. १९७५ च्या सुमारास जमलेली ही सात जणांची टोळी १९८१ पर्यंत पांगली. त्या काळात त्यांच्या तबकड्या विकत घेणारे थोडे होते आणि नाकं मुरडणारे पुष्कळ. तरीही आज बंगाली रॉकचा इतिहास सांगायला कुणी बसलं, मग ते कोलकात्यात असो की ढाक्यात, तर हे नाव पहिल्या काही वाक्यांतच येतं.

इतक्या तुटपुंज्या ऐवजावर एवढी मोठी इस्टेट कशी उभी राहिली? 'ते काळाच्या पुढे होते' हे याचं ठरीव उत्तर. मला ते अपुरं वाटतं. काळाच्या पुढे असलेली माणसं बहुतेक वेळा नुसतीच विसरली जातात. त्यांना परत शोधून आणायला कुणीतरी लागतं. या बँडच्या बाबतीत ते काम कुणी केलं आणि कसं केलं, हा भाग मला त्यांच्या आठ गाण्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण आधी गाण्यांकडे जायला हवं, आणि त्यासाठी साठच्या दशकातल्या पार्क स्ट्रीटवर.

त्या काळी पार्क स्ट्रीटवर संध्याकाळ झाली की हॉटेलाहॉटेलांतून बँड वाजायला लागायचे. ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मुलँ रूज ही नावं तेव्हाच्या कोलकात्यात कुणालाही सांगावी लागत नसत. जाझ, रॉक अँड रोल, बीटल्स असं जे जगात चालेल ते तिथे वाजे. वाजवणाऱ्यांत अँग्लो-इंडियन खूप होते आणि गोवेकरही होते; ब्राझ गोन्साल्विस या गोव्याच्या सॅक्सोफोनवादकाने पुढे लुई बँक्सबरोबर ब्लू फॉक्स गाजवलं. मुंबईच्या उषा अय्यर, म्हणजे पुढच्या उषा उथुप, साडी नेसून ट्रिंकाजच्या मंचावर उभ्या राहिल्या त्याही याच रस्त्यावर, साठचं दशक संपता संपता. गाणी मात्र बहुतेक सगळी इंग्रजी. देशभर तीच तऱ्हा होती. सिगारेट कंपनीने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. गावोगावचे बँड त्यात आहेत, सगळे इंग्रजीतून गाणारे. गिटार हातात घेतली की इंग्रजीच गायचं, हे इतकं गृहीत होतं की त्यावर कुणी वादही घालत नसे.

याच पार्क स्ट्रीटवर गौतम चट्टोपाध्याय नावाचा प्रेसिडेन्सी कॉलेजचा एक विद्यार्थी 'द अर्ज' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवत होता. बरोबरचे बहुतेक अँग्लो-इंडियन. मित्रमंडळींत त्याचं नाव मणिदा.

१९६७ च्या मे महिन्यात उत्तर बंगालमधल्या नक्षलबारीत शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याची धग दोन-तीन वर्षांत कोलकात्याच्या कॉलेजांपर्यंत पोहोचली. प्रेसिडेन्सी कॉलेज तर त्या आगीच्या मध्यावरच होतं. परीक्षेत पहिले येणारे विद्यार्थी वह्या ठेवून खेड्यांत गेले. काही परत आले, काही आलेच नाहीत. गौतमही त्या चळवळीत ओढला गेला. गावांत राहिला, पकडला गेला, तुरुंगात गेला. सुटल्यावरही त्याला काही काळ बंगालबाहेर राहावं लागलं. जबलपूर आणि भोपाळ इथे त्याने औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नोकरी केली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला तो कोलकात्याला परतला.

पार्क स्ट्रीट सोडताना त्याच्याजवळ गिटार होती. मधल्या काळात तिच्यात दोन गोष्टींची भर पडली होती. एक, गावाकडची गाणी आणि विशेषतः बाऊल. दुसरी, जिंकण्याची आशा उरली नाही अशा चळवळीतून बाहेर पडलेल्या माणसाचं मन. पहिलीबद्दल सगळे लिहितात. दुसरीबद्दल कमी लिहिलं जातं, पण गाण्यांचा स्वर तीच ठरवते. या बँडच्या गाण्यांत घोषणा नाहीत, मुठी आवळलेल्या नाहीत. चळवळीतून आलेल्या माणसाकडून आपण पोवाड्याची अपेक्षा करतो आणि ऐकायला येतं ते हळवं, थट्टेखोर, मधूनच उदास होणारं काहीतरी.

दक्षिण कोलकात्यातल्या नाकतला भागात चट्टोपाध्यायांचं घर होतं. बँड जमला तो तिथे. जमला म्हणजे बराचसा घरातच होता. गौतमचे दोन भाऊ: प्रदीप ऊर्फ बुला बासरी वाजवायचा आणि गायचा, विश्वनाथ ऊर्फ बिशू ड्रम सांभाळायचा. नात्यातलाच रंजन घोषाल. हा गायचा, पण त्याहून अधिक लोकांशी बोलायचा, जाहिराती लिहायचा, बँडची हवा करायचा. तापस दास ऊर्फ बापी आणि तपेश बंद्योपाध्याय ऊर्फ भानू हे दोघे गिटार आणि गळा घेऊन आले. सातवा अब्राहम मजुमदार. तो पाश्चात्त्य अभिजात संगीतात तयार झालेला, व्हायोलिन आणि पियानो वाजवणारा. तपेश पुढे बाहेर पडला आणि राजा बॅनर्जी आला. बंगालमध्ये टोपणनावाशिवाय माणूस पुरा होत नाही, त्यामुळे या बँडविषयी काहीही वाचायला घेतलं की बुला, बिशू, बापी, भानू अशी बाराखडी समोर येते.

नावाचा गोंधळ बँडच्या नावातही होता. सात जण म्हणून आधी 'सप्तर्षी'. मग 'तीरंदाज'. मग गंमत म्हणून 'गौतम चट्टोपाध्याय बी. एस्सी. ओ सम्प्रदाय', म्हणजे जात्रा या लोकनाट्याच्या किंवा कीर्तनाच्या मंडळीसारखा थाट आणि वर पदवीचा शिक्का. शेवटी रंजनने जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेकडे बोट दाखवलं. ती 'सातटि तारार तिमिर' या १९४८ च्या संग्रहातली. कुणा महीन नावाच्या माणसाचे घोडे चांदण्यात चरताहेत आणि ते जणू अश्मयुगातून चालत आलेत, असं त्या कवितेतलं चित्र. महीन कोण, हे कवी सांगत नाही. 'महीनेर घोडागुली', म्हणजे महीनचे घोडे, हे नाव तिथून आलं.

जीवनानंदांची निवड सहज झालेली नव्हती. १९५४ साली ट्रामची धडक बसून झालेल्या अपघातानंतर ते गेले, तेव्हा त्यांचं बरंच लेखन पेटाऱ्यांतच पडून होतं. साठ-सत्तरच्या तरुणांना ते आपले वाटले, कारण टागोरांच्या सावलीतून बाहेर पडण्याची वाट त्यांनी दाखवली होती. बँडलाही नेमकी तीच अडचण होती.

बंगाली गाण्याच्या जगात तेव्हा तीन सत्ता होत्या. पहिली रवींद्रसंगीताची. ते कसं गायचं, मागे किती वाद्यं हवीत, सगळ्यावर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची नजर असे. देबब्रत विश्वास यांच्यासारख्या दिग्गजाच्या ध्वनिमुद्रणांवर वाद्यमेळ जास्त झाला वगैरे आक्षेप घेतले गेले आणि त्या माणसाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रवींद्रसंगीताचं ध्वनिमुद्रण करणंच सोडून दिलं. जिथे देबब्रतांची ही गत, तिथे सॅक्सोफोन घेऊन येणाऱ्या पोरांची काय असेल? दुसरी सत्ता 'आधुनिक गान'ची. आपल्याकडच्या भावगीताचा हा भाऊ: हेमंत मुखर्जी, मन्ना डे, सलील चौधरी. एक गायक, एक गोड चाल, मागे वाद्यवृंद. आपल्याकडे दिवाळी अंकांवर साहित्याचं वर्ष फिरतं तसं तिथे दुर्गापूजेच्या तबकड्यांवर गाण्यांचं वर्ष फिरे, आणि पूजेला कुणाची तबकडी निघणार हे कंपनी ठरवी. तिसरी सत्ता सिनेमाची. तिच्याविषयी मराठी वाचकाला वेगळं काय सांगायचं.

या तिन्हींत बसत नाही असं काहीतरी घोडागुलीने केलं. जगभरात त्याला लोक-रॉक म्हणतात. हा प्रकार मुळात १९६५ चा. अमेरिकेत त्या वर्षी 'द बर्ड्स'ने बॉब डिलनचं 'मिस्टर टँबरिन मॅन' विजेच्या गिटारवर वाजवून गाजवलं, आणि न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुद्द डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा हुर्यो झाली. इंग्लंडमध्ये 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'ने १९६९ च्या 'लीज अँड लीफ'मध्ये जुन्या इंग्रजी कथागीतांना ड्रम आणि विजेची गिटार जोडली. यात दोन वाटा आहेत. जुनं लोकगीत घेऊन त्याला नवी वाद्यं लावणं ही एक. आपण स्वतः नवं गाणं लिहायचं, पण त्याचा कणा लोकगीताचा ठेवायचा, ही दुसरी. पहिली वाट सोपी आहे आणि तिच्यावर गर्दीही फार. आज आपल्या वाहिन्यांवर लोकगीताला बास गिटार लावून जे चालतं ते बहुतेक तिच्यावरचंच. घोडागुली दुसऱ्या वाटेने गेले.

बाऊल हे बंगालचे फिरस्ते साधक गायक. हिंदू-मुसलमान, मठ-मशीद अशा कुंपणांना न जुमानणारे, देव माणसाच्या देहातच शोधणारे. एकतारा, दोतारा, खमक, डुग्गी ही त्यांची वाद्यं. मकरसंक्रांतीला बीरभूमच्या केंदुलीत त्यांचा मेळा भरतो. बाऊल आणि डिलन यांची भेट तर घोडागुलीच्याही आधी झाली होती: १९६७ च्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या डिलनच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याच्या शेजारी पूर्णदास आणि लक्ष्मणदास बाऊल उभे आहेत. नाकतलाच्या घरी बाऊलांचं येणं-जाणं असे. गौतमने त्यांच्याकडून काय घेतलं, हे गाणी ऐकताना कळतं. एकतर ताल: चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा, न थांबणारा. दोताऱ्याचं काम गिटारच्या तारा करतात. दुसरं म्हणजे हाक. बाऊलाचा पहिला स्वर उंच लागतो, शेतापलीकडच्या माणसाला ऐकू जावा असा, आणि मग तो खाली उतरत बोलायला लागतो. तिसरं, स्वतःशीच बोलणं, स्वतःचीच थट्टा करत.

त्यावर मग पार्क स्ट्रीटचे थर चढले. बासरीच्या शेजारी सॅक्सोफोन, गिटारच्या मागे व्हायोलिन. आणि सगळ्यात नवी गोष्ट म्हणजे अनेक गळ्यांचं एकत्र, वेगवेगळ्या स्वरांतून गाणं. आधुनिक गानात नायक एकच असतो; इथे मित्रांची बैठक गात होती. तबला आणि पेटीची जोडी नव्हती. गौतम या प्रकाराला 'बाऊल जाझ' म्हणायचा. जाझ त्यात नावापुरतंच आहे, असं माझं मत. पण नाव छान आहे.

पहिली तबकडी १९७७ ची, 'संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक'. धास्तावलेले पक्षी आणि कोलकाता, असा विषय. चार गाणी. आणीबाणी नुकतीच उठली होती, बंगालमध्ये त्याच वर्षी डावी आघाडी सत्तेवर आली. १९७८ साली दुसरी, 'अजाना उडन्त बस्तु बा अ-उ-ब'. उडत्या तबकड्यांच्या गोष्टींवरून घेतलेलं हे नाव, दोन गाणी. १९७९ साली तिसरी, 'दृश्यमान महीनेर घोडागुली', त्यातही दोनच. घोडे आता दिसू लागले, असं ते नाव सांगत होतं. प्रत्यक्षात फार थोड्यांना ते दिसत होते.

या आठांपैकी 'हाय भालोबाशी'वर थांबायला हवं. वरवर पाहिलं तर गाणं म्हणजे आवडींची यादी आहे. चांदणं आवडतं, काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावणं आवडतं, पिकासो आवडतो, बुन्युएलचे सिनेमे आवडतात, बीटल्स, डिलन आणि बीथोव्हेन ऐकायला आवडतं, रविशंकर आणि अली अकबरही. सुशिक्षित बंगाली तरुणाच्या खोलीत शिरून शेल्फ बघावं तसं. चाल प्रसन्न, बासरी बागडती. आणि मग गाणं कबूल करतं की हे सगळं असूनही काही गोड लागत नाही. का, ते ओरडून सांगत नाही. ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही त्यांची आठवण मात्र गाण्यात येऊन बसते. ज्या पिढीने जग बदलायला घर सोडलं आणि ती परत येऊन त्याच खोलीत, त्याच शेल्फासमोर बसली, तिचं इतकं नेमकं आत्मवृत्त मला बंगाली गाण्यात दुसरं सापडलेलं नाही. काशाचे तुरे आणि बुन्युएल एका गाण्यात आणले म्हणून लोकांनी त्यांना दिखाऊ म्हटलं. पण त्या तरुणांच्या डोक्यात दोन्ही खरोखरच होतं, एकाच वेळी. निम्मं लपवलं असतं तर ते खोटं झालं असतं.

कार्यक्रम झाले ते स्टार थिएटर, मॅक्स म्युलर भवन, रवींद्र सदन अशा ठिकाणी. १९८० साली जाझ महोत्सवातही ते वाजवून आले. पण बँड चालवायला लागणारा पैसा यातून येत नव्हता. तबकडीवर दोन किंवा चार गाणी, ती ऐकायला घरात रेकॉर्ड प्लेअर हवा, आणि तो ज्यांच्याकडे होता ते पूजेला हेमंत मुखर्जी विकत घेत. ज्या कॉलेजच्या पोरांना हे गाणं हवं होतं त्यांच्याकडे प्लेअर नव्हता. माझ्या मते बँडचं अपयश रसिकांच्या कर्मठपणाइतकंच या यंत्राच्या किमतीत आहे.

शेवट भांडणाने झाला नाही. पोटापाण्याने झाला. रंजन बंगळुरूला जाहिरात आणि नाटकाच्या जगात गेला. बिशू अमेरिकेला. अब्राहम पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे परतला आणि पुढे कोलकात्यात त्याचं शिक्षण देऊ लागला. गौतम सिनेमाकडे वळला. त्याच्या 'नागमती'ला १९८३ च्या सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे गोष्ट संपली असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. संग्राहकांच्या कपाटात तीन तबकड्या राहिल्या असत्या, बस.

मधल्या पंधरा वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. कॅसेट आली. गाणं स्वस्त झालं, आणि एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेता येऊ लागलं. कॉलेजच्या पोराला प्लेअरची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट सुमन. १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाई' आला आणि एक माणूस, एक गिटार, शहराचे शब्द असं गाणं बंगालभर खपलं. पाठोपाठ नचिकेता, मग अंजन दत्त. रोजच्या बोलीत, रस्त्यावरच्या विषयावर गाणं असू शकतं, हे श्रोत्यांनी आता मान्य केलं होतं. दार किलकिलं झालं होतं.

गौतमने काय केलं? जुन्या मंडळींना जमवून पुनरागमनाचा जलसा करणं सोपं होतं. जगभरचे बँड हेच करतात. त्याने आसपासच्या तरुण गायक-वादकांना गोळा केलं, त्यांची गाणी निवडली, आपली काही घातली, आणि १९९५ च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात एक कॅसेट आणली: 'आबार बछर कुडि परे', पुन्हा वीस वर्षांनंतर. नाव पुन्हा जीवनानंदांकडून घेतलेलं. कॅसेटवर लिहिलं होतं 'महीनेर घोडागुली संपादित'. गाण्यांचा अल्बम, आणि तो संपादित! नियतकालिक काढावं तसं ते काम होतं. कोलकात्यात तेव्हा अनियतकालिकांची चळवळ जोरात होती, आणि पुस्तक मेळा हा तिचा वार्षिक उत्सव. गाण्याची कॅसेट तिथे आणणं म्हणजे आपला वाचक कुठे आहे हे ओळखणं. मग १९९६ मध्ये 'झरा समयेर गान', १९९७ मध्ये 'माया' आणि त्यानंतर 'ख्यापार गान' अशा आणखी तीन कॅसेटी आल्या.

या बँडचा प्रभाव म्हणतात तो खरा इथून सुरू होतो. आठ गाणी गाणारा बँड १९८१ मध्ये संपला होता. १९९५ ला जे सुरू झालं ते प्रकाशनगृह होतं. नव्या मुलांना नाव मिळालं, छत मिळालं, आणि आपल्यामागे एक परंपरा आहे असा दिलासा मिळाला. मग लोक उलटे मागे गेले आणि त्या जुन्या तबकड्या शोधू लागले. चंद्रबिंदू, कॅक्टस, परश पाथर, फॉसिल्स, भूमी असे बँड नव्वदच्या दशकात कोलकात्यात उभे राहत गेले. गौतमचा मुलगा गौरव 'लक्ष्मीछाडा'मध्ये ड्रम वाजवू लागला. प्रत्येक बँडचं घोडागुलीशी सांगीतिक नातं आहे असं नाही. फॉसिल्सचं गाणं तर कितीतरी जास्त जड आणि आक्रमक. नातं आहे ते या धीराचं: गिटार घेऊन बंगालीत गाता येतं.

'पहिला बंगाली रॉक बँड' ही पदवी मात्र जपून वापरावी. ढाक्यात आझम खान बांगलादेशच्या स्वातंत्र्यानंतर लगेच 'उच्चारण' घेऊन मंचावर उभे होते आणि ते गल्लोगल्ली ऐकले जात होते, घोडागुलीला कधी मिळाली नाही अशी लोकप्रियता त्यांना होती. कोलकात्याचे लेखक हे विसरतात. पहिलेपणाच्या शर्यतीत या बँडला पळवायची गरजच नाही.

१९९५ च्या त्या कॅसेटवरचं एक गाणं मराठी वाचकांनी ऐकलेलं आहे, फक्त ते त्यांना ठाऊक नसतं. 'पृथिबीटा नाकि'. गाणं उपग्रह वाहिन्या आल्या त्या दिवसांचं आहे. जग छोटं होत होत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात मावलं, आणि माणसं एकमेकांपासून तुटली, हा त्याचा विषय. २००६ साली अनुराग बासूच्या 'गँगस्टर'मध्ये प्रीतमने हीच चाल 'भीगी भीगी' म्हणून आणली. प्रीतम हाही प्रेसिडेन्सीचा. कोलकात्यात कॉलेजच्या दिवसांत त्याचा स्वतःचा बँड होता, आणि मग तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकायला आला. गायला घेतला जेम्स, म्हणजे ढाक्याच्या 'नगर बाऊल'चा गायक. कोलकात्याची चाल, ढाक्याचा गळा, मुंबईचा सिनेमा. प्रवास मोठा देखणा आहे. फक्त वाटेत टीव्ही गळून पडला आणि पाऊस आला. टीव्हीवर टीका करणारं गाणं टीव्हीवर अखंड वाजलं, तेही विरहगीत म्हणून. मणिदाला हसू आलं असतं की राग, हे सांगणं अवघड. ते ऐकायला तो नव्हता. आसामच्या कार्बी लोकांवरच्या चित्रपटाचं काम अर्ध्यावर असताना २० जून १९९९ रोजी तो गेला.

रंजन घोषाल २०२० च्या जुलैत गेले. तापस दास शेवटपर्यंत गात राहिले. 'महीन एखन ओ बंधुरा' या नावाने त्यांनी तरुणांना घेऊन जुनी गाणी मंचावर जिवंत ठेवली. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला तेव्हा दोन्ही बंगालमधल्या कलावंतांनी मदतीसाठी कार्यक्रम केले, कारण आयुष्यभराच्या गाण्यातून गाठीला काही जमलेलं नव्हतं. २५ जून २०२३ रोजी तेही गेले.

ज्यांना ही गाणी ऐकायची आहेत त्यांना एक सुचवतो. आंतरजालावर सगळं एकत्र मिसळलेलं सापडतं, त्यात १९७७ चं कुठलं आणि १९९७ चं कुठलं ते कळत नाही. म्हणून आधी 'हाय भालोबाशी' आणि पहिल्या तबकडीवरची बाकीची तीन गाणी ऐका, ध्वनिमुद्रण जुनं आणि खरखरीत आहे हे धरूनच. मग 'आबार बछर कुडि परे' सलग. 'पृथिबीटा नाकि' शेवटी ठेवा, आणि ते लावण्याआधी हिंदी शब्द डोक्यातून काढून टाका.